‘दूरचं ठाणं’ची दोन कार्डं

“नाव तेच आहे म्हणून मालिका तीच आहे असं जो म्हणतो, त्यानं दोन्हींपैकी एक तरी बघितलेली नसते.”

नोंदताई हे वाक्य आमच्या नव्या साहेबांना म्हणाल्या तेव्हा त्यांच्या निवृत्तीला सात आठवडे उरले होते. साहेब हसले, कारण त्यांनी दोन्ही बघितल्या नव्हत्या. मीही बघितल्या नव्हत्या. जुनी कुणालाच बघता येणार नव्हती. पण ते पुढे.

टेलिव्हिजनवर दाखवून झालेले कार्यक्रम जपून ठेवायचं आमचं काम. वर दोन मजले, खाली तळघर, तळघरात टेपा. प्रत्येक कार्यक्रम कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघायचा आणि त्याचं कार्ड करायचं: काय आहे, कुणी केलं, किती मिनिटांचं, कुठल्या वर्गात बसतं. हे ‘कुणीतरी’ म्हणजे छत्तीस वर्षं नोंदताई. मी टेपा चालवणारा. माझं मशीन त्यांच्या टेबलापासून चार हातांवर, मधे एक काचेची भिंत. बावीस वर्षं मी त्यांना कडेनं पाहत आलो. समोरून फार कमी वेळा.

कार्डावर विशेषण आलेलं त्यांना खपत नसे. नवी पोरं ‘हृदयस्पर्शी’ लिहून आणत. त्या लाल पेन्सिलनं खोडत आणि विचारत, “कुणाच्या हृदयाला? नाव लिहा.” कार्डं कॉम्प्युटरवर गेली, पेन्सिल गेली नाही. पडद्यावर खोडता येत नाही म्हणून त्या कागदावर छापून घेत, खोडत, आणि मग पोराला पडद्यावर दुरुस्त करायला लावत. लग्न केलं नाही. एकदा आमचा पहारेकरी चेष्टेत म्हणाला, “ताईंचं जमलं नाही कारण मुलगा कुठल्या वर्गात घालायचा तेच ठरेना.” ताईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “ठरलं होतं. संकीर्ण.” आणि पुन्हा खाली बघून लिहायला लागल्या.

तर ‘दूरचं ठाणं’. चौतीस वर्षांपूर्वी संध्याकाळी साडेपाच वाजता या नावाची तेरा भागांची मालिका लागत असे. सूर्यमालेच्या कडेला असलेलं एक ठाणं, तिथं पाच माणसं, आणि त्यांच्याशी बोलणारं एक यंत्र. आता तीच मालिका नव्यानं काढली होती. मोठा खर्च, दहा भाग, रस्त्यांवर पोस्टर. नव्या मालिकेची प्रत आमच्याकडे आली आणि तिचं कार्ड करायचं होतं. साहेबांचं म्हणणं सोपं होतं. नाव एक, कल्पना एक, वाहिनी एक; मग कार्डही एकच. जुनी ही पहिली आवृत्ती, नवी ही दुसरी. वर मूळ लेखकाचं नाव.

मूळ लेखक म्हणजे नोंदताईंचा धाकटा भाऊ.

तो त्या वेळी बावीस वर्षांचा होता. मालिका त्यानं लिहिली आणि त्या यंत्राचा आवाजही त्यानंच दिला, कारण आवाजाला ठेवलेला नट पहिल्याच दिवशी आला नाही. पुढे त्याला दुसरी मालिका मिळाली नाही. एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला, तिथंच राहिला. सदतिसाव्या वर्षी गेला.

मी त्याला एकदाच पाहिलं. मला इथं लागून तीन वर्षं झाली होती. दुपारची वेळ. गळ्याभोवती मफलर, हातात औषधांची फाईल, तीन पायऱ्या चढून दम लागलेला. दवाखान्यातून परस्पर आला होता. पहारेकऱ्यानं त्याला बाकावर बसवलं. नोंदताई बाहेर गेल्या, मागून मी, कारण मला चहा घ्यायचा होता.

“ताई, एक भाग दाखव ना. कुठलाही. सातवा दाखव.”

“आत्ता?”

“आत्ता मी इथं आहे म्हणून आत्ता.”

“मशीन बंद आहे रे.”

“कधी चालू होणार?”

“दुरुस्त झालं की निरोप धाडते.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशात पेचकस होता, त्यावरून त्यानं ओळखलं असणार. “तुम्हीच का मशीनवाले?” मी हो म्हणालो. “मग लवकर करा हो,” तो म्हणाला, “माझ्या बहिणीला घाई नसते, मला थोडी आहे.” आणि हसला. माझं मशीन आत चालू होतं. मी सकाळपासून त्यावर एका सतारवादनाची टेप फिरवत होतो. मी नोंदताईंकडे पाहिलं, त्या पायरीकडे बघत होत्या. मी म्हणालो, “करतो.”

आत आल्यावर मी सतारीच्या टेपपाशी बसलो, त्या त्यांच्या कार्डांपाशी. अडीच महिन्यांनी त्या चार दिवस रजेवर गेल्या आणि पाचव्या दिवशी येऊन कामाला बसल्या.

नवी मालिका बघायला नोंदताईंना पाच दिवस लागले. रोज दोन भाग, सकाळी एक, जेवणानंतर एक. मी चालवत होतो, त्या बघत होत्या, समोर वही. मला मालिका आवडली. ठाण्यावर आता वीस माणसं होती, युद्ध होतं, शत्रू होते, एका मुलीची हरवलेली आई होती. यंत्राचा आवाज एका बाईचा होता, मऊ. चौथ्या भागात ती म्हणाली, “सगळे जागे आहात का? मी मोजते आहे.”

नोंदताईंनी हात वर केला. मी थांबवलं.

“मागे घ्या.”

मी घेतलं. बाई पुन्हा तेच म्हणाली.

“हे त्याचं आहे,” नोंदताई म्हणाल्या. “रोज सकाळी यंत्र हे म्हणायचं आणि पाच मोजायचं. शेवटच्या भागात चार मोजून थांबतं, आणि मालिका संपते. यांच्या लेखकानं लहानपणी पाहिलं असेल. लक्षात राहिलं असेल.”

“म्हणजे मग तीच झाली की,” मी म्हणालो.

“एका वाक्यानं?”

“वाक्य मोठं आहे, ताई.”

“मोठं आहे. लिहू आपण ते कार्डावर.” त्यांनी वहीत वेळ टिपली: मिनिट, सेकंद. “चालवा पुढे.”

दहा भाग झाल्यावर त्यांनी मला हिशेबवार सांगितलं, जणू मी साहेब होतो. जुन्यात घरून आलेल्या निरोपाला अकरा वर्षं लागतात. तेरा भाग ती माणसं एका निरोपाची वाट बघतात. नव्यात निरोप लगेच येतो. जुन्यात कुणी शत्रू नाही. जुन्यात शेवटी कुणी घरी पोचत नाही, नव्यात सगळे पोचतात. पात्रांपैकी एकही नाव तेच नाही. सारखं काय? शीर्षक, सूर्यमालेची कड, ते एक वाक्य. “दोन वेगळ्या मालिका आहेत,” त्या म्हणाल्या. “दोन कार्डं. नव्याच्या कार्डावर ‘जुनीवर आधारित’ असं लिहायचं, आणि तिथून जुनीच्या कार्डाकडे दुवा.”

हे साहेबांना सांगितल्यावर ते खुर्चीत मागे टेकले.

“ताई, जुनीचं कार्ड होणार कसं? जुनी आहे कुठं?”

“नाही.”

“एक टेप?”

“नाही.”

“संहिता, फोटो, काही? कॉम्प्युटर काहीतरी एक वस्तू मागतो. वस्तू नसेल तर कार्ड उघडतच नाही. तुम्हीच केलेला नियम आहे हा.”

“मीच केलाय.”

“मग? मी सांगतो ते करा. एकच कार्ड. वर तुमच्या भावाचं नाव. एवढी मोठी मालिका, आणि मूळ लेखक म्हणून ते. तुमच्या भावजयींना किती बरं वाटेल. परवा फोनवर बोललो मी त्यांच्याशी, रडायच्या बेतात होत्या.”

“तिला फोन केलात?”

“वारस आहेत त्या. मूळ लेखकाबद्दल जे लिहू ते त्यांनी बघून सही करायची असते. येत्या गुरुवारी अकराला बोलावलंय.” मग ते जरा खाली वाकून म्हणाले, “ताई, कुणाचं काय बिघडतंय? त्यांचं नाव राहतंय.”

“नाव राहतं,” नोंदताई म्हणाल्या, “आणि नावाखाली दुसऱ्याची मालिका. उद्या कुणी त्याला शोधत आला तर त्याला युद्ध सापडेल. माझ्या भावानं आयुष्यात युद्ध लिहिलं नाही.”

“शोधत कोण येणार आहे?”

नोंदताई वही घेऊन उठल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. ते खरंच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. “तळघराची किल्ली घ्या. एक फाईल काढायची आहे, वरच्या फळीवर आहे. माझा हात पोचत नाही.”

तळघरात टेपांच्या मागं एक कोपरा आहे, तिथं मी बावीस वर्षांत कधी गेलो नव्हतो. फळ्यांवर जाड पुठ्ठ्याच्या फायली, पाठीवर वर्षं. त्यांनी एका वर्षाकडे बोट केलं. मी स्टूल घेतलं, काढली. त्यांनी ती मांडीवर घेऊन तिथंच खोक्यावर बसून उघडली. आत हाताच्या पंजाएवढ्या पिवळ्या चिठ्ठ्या, शेकड्यांनी.

“काय हे?”

“पुसणी-चिठ्ठ्या. तुमच्या आधीचा काळ. टेपा कमी असायच्या. जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा भरायचा. पुसायच्या आधी एक चिठ्ठी भरायची. कार्यक्रम, भाग, वर्ग, लेखक, शिफारस, सही.” त्या एकेक चिठ्ठी अंगठ्यानं उलटत होत्या. “नाटक असेल तर ठेवायचं. संगीत ठेवायचं. बाल असेल तर तीन वर्षांनी पुसायचं.”

अंगठा थांबला.

मी वाकून वाचलं. ‘दूरचं ठाणं’. एकूण भाग: तेरा. वर्ग: बाल. लेखक म्हणून भावाचं नाव. शिफारस: पुसण्यास हरकत नाही. खाली सही. बावीस वर्षं प्रत्येक कार्डाखाली जी सही मी पाहिली होती, तीच, फक्त तरुण.

मला वाटलं आपण वर जावं. पण किल्ली माझ्याकडे होती.

“विज्ञानकथा असा वर्गच नव्हता तेव्हा,” त्या म्हणाल्या. “तो मीच सुरू केला, अकरा वर्षांनी. तेव्हा सहा वर्ग होते. सातव्या भागापर्यंत माझी खात्री झाली होती, हे नाटक आहे. मोठ्या माणसांचं नाटक आहे. पण लागत होतं साडेपाचला. सहाच्या आत लागलेलं बालमध्ये घालायचा रिवाज होता. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी भांडले असते. तेव्हाच्या साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले असते. एका कठपुतळीच्या कार्यक्रमासाठी राहिले होते, तो नाटकात घेतला त्यांनी, अजून आहे खाली. पण हे माझ्या भावाचं होतं. लोक म्हणाले असते, बहिणीनं झुकतं माप दिलं. म्हणून मी बाल लिहिलं.”

“आणि ही?” मी चिठ्ठीकडे बोट केलं.

“तीन वर्षांनी यादी आली. बालची पूर्ण यादी. एका दुपारी एकेचाळीस चिठ्ठ्या भरल्या. ही तेविसावी की चोविसावी. मी थांबले होते. तेव्हाही तेच वाटलं. एकच बाजूला काढली तर का काढली असं विचारतील.” त्यांनी चिठ्ठीची कड सरळ केली. “मग त्या टेपांवर क्रिकेटचे सामने भरले.”

“त्याला सांगितलंत कधी?”

“त्याला वाटायचं, माझ्याजवळ सुरक्षित आहे. सगळ्यांना सांगायचा, माझी बहीण संग्रहात कामाला आहे, मालिका तिच्या कपाटात आहे. तो गेल्यावर भावजयीनं विचारलं. मी सांगितलं तळघरात पाणी शिरलं.”

वर कुणीतरी खुर्ची सरकवली, तो आवाज खाली आला. मग मला कळलं त्या कशासाठी खाली आल्या होत्या. त्या मालिकेची एकच वस्तू जगात शिल्लक होती आणि ती त्यांच्या मांडीवर होती. तिच्यावर मालिकेचं नाव होतं, भागांची संख्या होती, लेखक होता. कॉम्प्युटरला वस्तू हवी होती. ही चालली असती. ही जोडली की भावाचं स्वतःचं कार्ड उघडणार, आणि भावजय सही करायला बसेल तेव्हा पडद्यावर ही दिसणार.

“साहेब म्हणतात तसं एक कार्ड केलं तर?” मी म्हणालो. “नाव तरी राहील. आणि हे कुणाला दिसणार नाही.”

“म्हणूनच मला मोह होतोय,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस होतोय.”

त्यांनी चिठ्ठी रिंगमधून सोडवली. फाईल माझ्या हातात दिली. मी ती जागेवर ठेवली.

जुन्याचं कार्ड त्यांनी दीड दिवस लिहिलं. तेराही भाग आठवणीतून, प्रत्येक भागाला चार ओळी. मी चहा घेऊन गेलो तेव्हा पडद्यावर सातवा भाग होता: ‘ठाण्याची खिडकी पुसण्याची पाळी कुणाची यावरून दोघं भांडतात. खिडकीबाहेर काही नाही. यंत्र विचारतं, मग पुसता कशाला. उत्तर कुणी देत नाही. बावीस मिनिटं.’ वर्गाच्या चौकटीत त्यांनी ‘विज्ञानकथा’ निवडलं, थोडा वेळ थांबल्या, मग ‘नाटक’ही जोडलं. दोन वर्ग देता येतात आता. ‘प्रत’ या रकान्यात: नाही. पुसली. ‘पुरावा’ या रकान्यात चिठ्ठीचा फोटो. विशेषण एकही नव्हतं. मी शोधून पाहिलं.

साहेबांनी वाचलं. मग म्हणाले, “ताई, गुरुवारी मी बाहेर जाऊ का? म्हणजे तुम्ही दोघी...”

“बसा,” नोंदताई म्हणाल्या. “नाहीतर मी चिठ्ठी काढून टाकीन.”

गुरुवारी अकराला भावजय आली. पन्नाशी ओलांडलेली, गोल चेहरा, हातात कापडी पिशवी. साहेबांना नमस्कार, मला नमस्कार. “वन्सं, केवढं थंड आहे हो तुमचं ऑफिस. माणसं ठेवता की मासे?” नोंदताईंनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण बाजूला स्टुलावर बसल्या. साहेब दाराशी उभे राहिले. मी काचेपलीकडे जायला हवं होतं, गेलो नाही.

तिनं आधी नव्याचं कार्ड वाचलं. ओठ हलवत वाचायची. “‘चौथ्या भागातील एक वाक्य मूळ मालिकेतून जसंच्या तसं.’ कुठलं वाक्य? ते मोजायचं?” नोंदताईंनी मान हलवली. “मला वाटलंच. मी बघत होते ना घरी, एकदम उठून उभी राहिले. सून म्हणाली, आई, पाय अवघडला का.” ती हसली. मग दुसरं कार्ड उघडलं. तेरा भाग ती हळूहळू वाचत खाली गेली. एका ठिकाणी म्हणाली, “हे मला आठवत नव्हतं बघा, तुम्हाला कसं आठवलं?” एका ठिकाणी चष्मा काढून पुसला.

मग ती पिवळ्या चिठ्ठीवर आली.

चिठ्ठी लहान होती. वाचायला वेळ लागू नये इतकी. तिला लागला.

“वन्सं, ही तुमची सही आहे.”

“हो.”

“पाणी शिरलं होतं म्हणाला होतात.”

“नव्हतं शिरलं.”

ती पडद्याकडेच बघत होती. “म्हणजे ते इथं आले होते दवाखान्यातून, तेव्हा...”

“तेव्हा आधीच गेलेलं होतं.”

“आणि मशीन बंद होतं ते?”

नोंदताईंनी काचेपलीकडे माझ्या मशीनकडे पाहिलं. मी म्हणालो, “मशीन चालू होतं, बाई. मी चालवत होतो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. कुठल्या तरी जुन्या गोष्टीला आता चेहरा मिळाला, तसं पाहिलं.

“तुमच्यावर त्यांचा फार भरवसा होता हो, मशीनवाले,” ती म्हणाली. मग पुन्हा नोंदताईंकडे वळली, आणि अगदी घरात बोलावं तसं बोलायला लागली. “त्यांच्या छापखान्यातलं यंत्र बिघडलं की मिस्तरी सोमवारी यायचा. दुसऱ्या वारी नाहीच. म्हणून त्यांनी आपलं ठरवून टाकलं की तुमच्याकडंही सोमवारीच येत असणार. दर सोमवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. मी म्हणायचे, अहो, ताई रविवारी येऊन गेल्या, काही म्हणाल्या नाहीत. तर म्हणायचे, कामाचं घरी बोलत नाही ती. निरोप ऑफिसातूनच येईल. शेवटी शेवटी मीच दाढी करून द्यायची. हात उचलत नव्हता.” ती थांबली. “दहा सोमवार झाले.”

साहेब दारातून बाहेर बघत होते. नोंदताई स्टुलावर तशाच बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर.

“मी विचारलं असतं तुम्हाला,” भावजय म्हणाली. “पण तेच नको म्हणायचे. म्हणायचे, तिला लाज वाटेल मशीन अजून झालं नाही म्हणून.”

तिनं पिशवीतून पेन काढलं. साहेबांनी पुढे होऊन कागद दिला, कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. ती सही करण्याआधी पुन्हा पडद्याकडे वळली, लेखकाच्या रकान्यावर बोट ठेवून नाव अक्षर अक्षर तपासलं, आणि म्हणाली, “बरोबर लिहिलंय.” मग सही केली. पेनाला टोपण लावलं.

नोंदताई उठल्या. टेबलाला वळसा घातला, भावजयीच्या खुर्चीमागून गेल्या. तिथं क्षणभर त्यांचा हात वर आला, तिच्या खांद्याच्या उंचीपर्यंत, आणि तसाच खाली गेला. साहेबांनी बाजूला होऊन वाट दिली. त्या कुणाकडेही न बघता दारातून बाहेर पडल्या.